खुर्ची जुनी, बसता येते

दातोपंतांच्या बायकोने मांडीवर ताट घेऊन जेवण्याचं दुसरं वर्ष पुरं केलं आणि एके सकाळी जाहीर करून टाकलं, की या घरात आता एक तर ही खुर्ची राहील नाहीतर मी. यावर उत्तर द्यायला दातोपंतांनी जरा जास्तच वेळ घेतला. त्यामुळे भांडण विझायचं ते आणखी पेटलं.

दातोपंत हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण चाळीस वर्षं लोकांचे दात उपटल्यावर आईबापांनी ठेवलेलं नाव कोण लक्षात ठेवतो? गल्लीने ते केव्हाच मुळासकट काढलं होतं. आणि खुर्ची म्हणजे तुमच्याआमच्या घरात असते तसली नव्हे. दातांच्या दवाखान्यातली ती: बिडाची, हिरव्या रेक्झिनची, पायाने पेडल दाबलं की वर चढणारी, डोक्यावर दिवा आणि कुशीला थुंकायचं भांडं असलेली. दवाखान्याची जागा सोडली तेव्हा बाकीचं सामान गेलं, पण हे धूड चार हमालांनी शिव्या घालत दुसऱ्या मजल्यावर चढवलं. आतल्या खोलीच्या दारातून ते जाईना, म्हणून बाहेरच्याच खोलीत, बरोब्बर मधोमध, पंख्याखाली बसलं. जेवणाचं टेबल त्या दिवशी जिन्याखाली गेलं ते गेलंच. स्वयंपाकघरातून गॅलरीत जायचं तर पोट आत ओढून आडवं सरकावं लागे. पाहुणे उभ्या उभ्याच बोलून निघून जात, आणि चुकून कुणी त्या खुर्चीत टेकलाच तर त्याचं तोंड आपोआप उघडायचं.

दातोपंतांना विचारलं तर ते सांगत, दवाखाना तात्पुरता बंद आहे. पाठ धरली आहे, ती सुटली की चांगली जागा बघून पुन्हा सुरू. पाठबीठ काही धरलेली नव्हती. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. एका बाईंच्या दाढेत सिमेंट भरताना पहिल्यांदा ते लक्षात आलं आणि त्याच आठवड्यात त्यांनी पाटी उतरवली. कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. हात खिशात, नाहीतर वर्तमानपत्राखाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. जोवर खुर्ची घरात होती तोवर दवाखाना तात्पुरताच बंद होता. ती गेली की तो कायमचा बंद, आणि मग का बंद झाला तेही कधीतरी बोलून दाखवावं लागणार. याची त्यांना मनापासून भीती वाटत होती. दुसऱ्यांच्या तोंडात चाळीस वर्षं डोकावलेला माणूस, आणि स्वतःचं तोंड उघडायचं म्हटलं की अंगावर काटा. आता काय म्हणावं या कर्माला.

बायको खमकी होती पण अन्यायी नव्हती. तिने तोडगा काढला. खुर्ची लिलावाच्या साइटवर टाकायची, जाहिरात दातोपंतांनीच लिहायची, फोटोही त्यांनीच काढायचे. मुदत संपेल तेव्हा ज्याची बोली वर असेल तो घेऊन जाईल, मग तो कितीला का घेईना. आणि एकही गिऱ्हाईक आलं नाही तर खुर्ची इथेच राहील, बायको मरेपर्यंत तिच्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. दातोपंतांनी हे ताबडतोब मान्य केलं. इतक्या झटकन, की बायकोने चष्मा वर करून त्यांच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

त्यांच्या डोक्यात मेहुणी होती. म्हणजे भलतं काही समजू नका, मेहुणीच्या खरेद्या होत्या. बायकोची ही धाकटी बहीण लिलावाच्या साइटवर दिवसरात्र पडीक असायची आणि तिच्याइतकं ठकवून घेतलेलं माणूस पंचक्रोशीत नव्हतं. एकदा तिने झकास पितळी दिवा जिंकला. खोक्यातून निघाला विणलेला रुमाल. फोटोत दिवा होता हे खरं, पण लिलाव दिव्याखालच्या रुमालाचा होता, आणि तसं शेवटच्या ओळीत मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलंही होतं. एकदा 'किंचित वापरलेला' कोट आला. त्याच्या कोपरातून सरळ बाहेरचं दिसत होतं. एकदा 'चहाचा संपूर्ण सेट, खोक्यासकट' घेतला, तर त्यातलं खोकं तेवढं संपूर्ण होतं. दर वेळी ती बहिणीकडे येऊन तासभर बोटं मोडत बसायची, की काय ते अंधारातले फोटो, काय ते अर्धवट लिहिणं, असल्या जाहिरातींना कोण भुलतं देव जाणे. दातोपंतांनी यातून एवढंच उचललं, की जाहिरात भिकार असली की गिऱ्हाईक पळतं. अर्धं औषध ऐकून निघून जाणारे पेशंट त्यांना आयुष्यभर भेटले होते. आता तेच तसे वागले.

त्यांनी भिकार जाहिरात लिहायला घेतली आणि जीव ओतला हो. खुर्ची 'बागकाम' या सदरात घातली. मथळा दिला: 'खुर्ची. जुनी.' खाली लिहिलं: 'बसता येते. उठताना पडू नये. रंग मळखाऊ. आजवर बरेच लोक हिच्यावर रडले आहेत. का ते माहीत नाही.' फोटो तीन. पहिल्यात खुर्ची पाठमोरी, आणि तिच्यावर बायकोचे दोन टॉवेल वाळत घातलेले. दुसऱ्यात थुंकायच्या भांड्याचा तळ. तिसऱ्यात दातोपंतांचा अंगठा, अगदी स्पष्ट आणि रेखीव आलेला. जाहिरात चढवून ते खुर्चीत आडवे झाले आणि कित्येक महिन्यांनी निवांत झोपले.

उठून बघतात तर पाच बोल्या.

त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. मग लोकांचे प्रश्न यायला लागले. एकाने विचारलं, टॉवेलाच्या मागून लोखंडी हात वर गेलाय तो कसला. दातोपंतांनी उत्तर दिलं, कल्पना नाही, घरात पहिल्यापासून आहे. बोली वाढली. दुसऱ्याने विचारलं, खुर्ची वर-खाली होते का. त्यांनी लिहिलं, तिची इच्छा असली तर. बोली आणखी वाढली. तिसऱ्याने खुर्चीबद्दल विचारलंच नाही. त्याला जाणून घ्यायचं होतं की काकांच्या घरात असलं आणखी काय काय आहे. दातोपंत घाबरले. त्यांनी आणखी दोन फोटो टाकले, एक दिवा बंद करून काढलेला आणि एक चुकून छताचा. वर्णनात भर घातली, की खुर्ची दमट आहे, करकरते, मांजर हिच्याकडे बघून फिसकारतं. घरात मांजर नव्हतं. संध्याकाळपर्यंत 'घारडोळा' नावाचा कुणी एक आणि दुसरे सहा-सातजण असे एकमेकांच्या उरावर बसून बोल्या लावत होते, की जणू खुर्चीत हिरे भरलेत. बायको येता-जाता पडद्यावर नजर टाकायची आणि म्हणायची, छान चाललंय की.

दुसऱ्या दिवशी मेहुणी आली. तिने जाहिरात वाचली आणि पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. मग बहीण आत गेल्याचं बघून तिने आवाज खाली घेतला.

"भाऊजी, हे काय करून ठेवलंत? तुम्ही दारावर पाटी लावलीय, इथे एक गाढव राहतं आणि त्याला आपल्याकडे काय आहे ते ठाऊक नाही."

मग तिने त्यांना त्या दुनियेची रीत समजावून सांगितली. तिथे तरबेज लोकांची एक जातच आहे म्हणे, ती चांगल्या जाहिरातींकडे ढुंकून बघत नाही. ती शोधते अंधारातले फोटो, चुकीचं सदर, 'माहीत नाही' असली उत्तरं. ज्याला वस्तूची किंमत कळत नाही त्याच्याकडूनच घबाड मिळतं. उलट जिथे 'दुर्मिळ', 'अप्रतिम', 'राजघराण्यातून आलेली' असं दिसतं तिथून ही माणसं चप्पल टाकून पळतात, कारण दुर्मिळ म्हणजे गेल्या मंगळवारी तयार झालेलं हे शेंबडं पोरही जाणतं. दातोपंतांनी विचारलं, मग हे सगळं माहीत असून तू कशी फसतेस? मेहुणी म्हणाली की फसायला अक्कल लागत नाही, हौस लागते, आणि तो विषय तिथेच मिटला.

आता उपाय एकच होता. दोघांनी मिळून जाहिरात नव्याने लिहिली. भिकार लिहिण्यापेक्षा हे सोपं गेलं, कारण मेहुणीला असली भाषा तोंडपाठ होती. 'दुर्मिळ! संग्राह्य! जागतिक दर्जाची! एका थोर दंतवैद्याच्या खासगी संग्रहातून, एकदाच वापरलेली, नव्यासारखी, बघताक्षणी प्रेमात पडाल!' खुर्ची पुसली, खिडकीतलं ऊन घेतलं, शेजारी फुलदाणी ठेवली आणि फोटो असे काढले की रेक्झिनची फाटलेली बाजू भिंतीकडे जाईल. काम चालू असताना मेहुणीने मध्येच विचारलं, की भाऊजी, एवढी का हवीय हो तुम्हाला ही? त्यांनी पाठीचं कारण पुढे केलं. तिने त्यांच्या खिशातल्या हाताकडे पाहिलं आणि फुलदाणी थोडी डावीकडे सरकवली.

मात्रा लागू पडली. तासाभरात प्रश्न थांबले, बोल्या थांबल्या, जाहिरात बघणारे लोक वाटेत साप दिसावा तसे वळून गेले. दातोपंतांनी गॅलरीत जाऊन एक शीळसुद्धा घातली. पण आधी लागलेल्या बोल्या काही मागे जात नव्हत्या, साइटचा नियमच तसा होता. सगळ्यात वर घारडोळा बसला होता आणि त्याला हलवायला आता कुणी येणार नव्हतं. मुदत संपली आणि खुर्ची त्याच्या पदरात पडली, तीही स्वस्तात. बायकोने जिन्याखालचं टेबल पुसायला घेतलं.

घारडोळा शनिवारी सकाळी आला. दातोपंतांना वाटलं होतं, कुणी मिशाळ भामटा असेल. निघाला तिशीतला काटकुळा माणूस, हातात मोजायची टेप, खाली छोटा टेम्पो उभा. बायकोने चहा दिला तो त्याने तोंडाच्या डाव्या बाजूने प्यायला, आणि दातोपंतांच्या मनात आपोआप नोंद झाली. माणूस बोलायला मोकळा होता. आपला धंदा त्याने लपवला नाही. लोकांच्या गचाळ जाहिरातींतून माल उचलायचा, धुऊनपुसून चांगला लिहायचा आणि विकायचा. काकांची पहिली जाहिरात त्याने जपून ठेवली होती. इतकी वाईट जाहिरात आपण उभ्या हयातीत वाचली नाही, असं तो आदराने म्हणाला.

मग त्याने खुर्चीभोवती फेरी मारली आणि भिंतीकडची फाटलेली बाजू बाहेर काढली.

आता तो धंद्याचं बोलायला लागला. दुसऱ्या जाहिरातीत 'एकदाच वापरलेली' म्हटलंय, 'नव्यासारखी' म्हटलंय, आणि हे तर बोट जाईल एवढं फाटलंय. ही दिशाभूल झाली. तक्रार केली तर साइट त्याच्या बाजूने निकाल देईल. तेव्हा काकांनी एक तर भाव उतरवावा, नाहीतर सौदा रद्द समजू, त्याचं काही म्हणणं नाही.

सौदा रद्द. आयती सुटका दारात चालून आली होती, टेप हातात घेऊन. दातोपंतांनी फक्त बरं म्हणायचं होतं. बायकोचा शब्द होता की गिऱ्हाईक नसलं तर खुर्ची राहील, आणि हे गिऱ्हाईक आपल्या पायाने परत चाललं होतं. त्यांनी बरं म्हणण्यासाठी श्वासही घेतला. तेवढ्यात त्या माणसाने, भाव आणखी पाडावा म्हणून, पेडलला बुटाचं टोक लावलं आणि नाक मुरडलं.

"आणि हे वर-खाली होणं तर विसराच. या जुन्या खुर्च्यांचा दम गेलेला असतो. पेशंट बसला की दाणकन खाली."

झालं. कुणाला काय झोंबेल सांगता येत नाही. बायकोने त्यांना आळशी म्हटलं, मेहुणीने गाढव म्हटलं, ते सगळं त्यांनी गिळलं होतं. पण दाणकन?

"बसा," दातोपंत म्हणाले.

तो माणूस हसत बसला. दातोपंतांनी भरलेला पाण्याचा पेला खुर्चीच्या हातावर ठेवला आणि पेडल दाबायला सुरुवात केली. खुर्ची वर गेली. पाठ मागे झुकली, डोकं उशीवर आलं, सगळं लोण्यासारखं. पेल्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. चाळीस वर्षांत एका पेशंटला हिसका बसला असेल तर दाखवा, ते म्हणत होते. लहान लहान पोरं हिच्यात झोपी गेली आहेत. एक गरोदर बाई तर म्हणाली होती की ही घरी नेऊ द्या. त्यांचा आवाज मोठा झाला होता, ताठ झाले होते ते, आणि दोन वर्षांत कुणी पाहिले नव्हते असे छान दिसत होते. त्यांनी वरचा दिवा लावला. दिवा तोंडावर आला आणि त्या माणसाने, सगळे करतात तेच केलं. आ केला.

मग दातोपंत स्वतःला विसरले. खालची उजवी शेवटची दाढ, इथूनच काळी दिसत होती. खिशात सवयीने राहिलेला छोटा आरसा त्यांनी काढला, वाकले आणि आत घातला.

टिक टिक टिक टिक.

आरसा दातावर वाजत होता. त्यांनी मनगट आवळलं, श्वास रोखला, डाव्या हाताने उजवा धरला. टिक टिक टिक. खोली शांत होती, त्यामुळे तो आवाज फारच मोठा वाटला. खुर्चीतल्या माणसाने डोळे वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडं असल्यामुळे त्याला काही बोलता येत नव्हतं, पण त्याने तोंड मिटलंही नाही. हललाही नाही.

स्वयंपाकघरात बायकोने नळ सोडला. पूर्ण सोडला, रिकाम्या पातेल्यात, धो धो. चहाची कपबशी सोडली तर घरात धुवायला एकही भांडं नव्हतं हे दातोपंतांना माहीत होतं. सकाळी त्यांनीच सगळी घासली होती. ती टिकटिक बुडवायला ती पाणी वाया घालवतेय हे त्यांना कळलं, आणि हाताचं तिला काही आजच कळलेलं नाही हेही कळलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि लगेच, त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, हायसंही वाटलं.

त्यांनी आरसा बाहेर काढून पुसला आणि खुर्ची हळूहळू खाली आणली.

"दाढ मुळापर्यंत किडलीय. दुखतेय ना? आजच्या आज कुणालातरी दाखवा."

"तुम्हीच बघा ना, डॉक्टर," तो माणूस म्हणाला. काकांना तो आता डॉक्टर म्हणायला लागला होता, आणि ते त्याने मनापासून म्हटलं.

"मी नाही. माझा हात थरथरतो."

बोलून झालं. घर कोसळलं नाही. आत नळ बंद झाला.

तो माणूस उठून बसला आणि मोजायची टेप उगाच गुंडाळत राहिला. भावाचं आता त्याला बोलवेना. शेवटी तो म्हणाला की रद्दच करू या, डॉक्टर, तुम्ही ठेवा ही, मला दुसऱ्या मिळतील. दातोपंतांनी मान हलवली. घेऊन जा, ते म्हणाले, भावाचं तुम्हाला हवं तसं करा, पण जाहिरात मी सांगतो तशी लिहायची. त्या माणसाने फोन काढला. दातोपंत खुर्चीच्या मागे उभे राहिले आणि उजवा हात तसाच, हलता, तिच्या पाठीवर ठेवून सांगू लागले. खुर्ची दातांच्या दवाखान्यातली. चाळीस वर्षं वापरलेली, रोज. डावीकडचं रेक्झिन वीतभर फाटलंय, फोटो त्याचा आधी टाका. पेडल उत्तम. दिव्याची मान सैल आहे, चिमटीने आवळावी लागते. थुंकायच्या भांड्याचा कान उडालाय. वर जाताना, खाली येताना धक्का नाही. बायको दारात येऊन हात पुसत ऐकत होती.

"आणि विकायचं कारण?" त्या माणसाने विचारलं. "तिथे रकाना असतो. मी एरवी 'अचानक परदेशी जाणे' टाकतो. लोकांना ते आवडतं, भाव चढतो."

दातोपंतांनी बायकोकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही.

"लिहा," ते म्हणाले, "डॉक्टर निवृत्त झाले."